कान कुठे ठेवायचा? जावाच्या गामेलानच्या निमित्ताने

'व्हॉयेजर १' हे यान सप्टेंबर १९७७ मध्ये अवकाशात गेलं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या २७ संगीतरचना. त्यातली एक सूरश्री केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाई गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. यान निघालं त्याच महिन्यात त्या गेल्या. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण उरलेल्या २६ रचना आपल्यापैकी किती जणांनी ऐकल्या असतील?

त्यातली एक जावा बेटावरची आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या पाकुआलामान राजवाड्यातलं गामेलान (बहुतेक काशाच्या वाद्यांचा संच), रचनेचं नाव 'पुष्पवर्ण'. ती ध्वनिमुद्रित केली रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत अभ्यासकाने. तबकडीसाठी केसरबाईंची शिफारस केली तीही याच ब्राउन यांनी. म्हणजे एकाच माणसाच्या कानाने या दोन गोष्टी सारख्याच मोलाच्या मानल्या. आपलं मात्र असं होतं की केसरबाईंच्या 'आ'काराने अंगावर काटा येतो आणि गामेलान लावलं की अर्ध्या मिनिटात वाटतं, कुणीतरी लयीत भांडी घासतंय. हे असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

गाणं ऐकताना कान नुसता ऐकत नाही, तो सतत पुढचं ताडत असतो. तीनतालाचा ठेका सुरू असतो, गायक तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा, पहिला तुकडा पडताच आपल्याला अंदाज येतो की हा आता समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरणार. तो उतरला की मान आपोआप हलते. कधी गायक हुलकावणी देतो, एक मात्रा अलीकडेच थांबतो, आणि आपण हसून दाद देतो. ही हुलकावणी कळायला आधी अंदाज असावा लागतो. संगीत अभ्यासक लेनर्ड मायर यांनी १९५६ मध्ये हीच कल्पना सविस्तर मांडली: संगीतातली भावना बरीचशी अपेक्षेतून जन्माला येते. ती पुरी होते, लांबते, मोडते, आणि त्या खेळात आपण गुंततो. जिथे अपेक्षाच तयार होत नाही, तिथे ना समाधान ना धक्का. म्हणून अनोळखी संगीत आपल्याला वाईट वाटतं असं म्हणण्यापेक्षा ते बिनआकाराचं वाटतं असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

हे अंदाज कुणी आपल्याला बसून शिकवलेले नसतात. लहानपणी घरात, देवळात, लग्नात, रेडिओवर जे कानावर पडलं त्यातून ते आपोआप घडतात, आणि फार लवकर घडतात. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोघींनी २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाळांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तिथल्या मोठ्या माणसांना बाल्कन प्रदेशातल्या सात मात्रांसारख्या विषम लयी नीट पकडता येत नाहीत, त्यातला बिघाड कळत नाही. सहा महिन्यांच्या बाळांना मात्र तो कळत होता. वर्षाच्या आसपास ही जाण ओसरते. पण एक वर्षाच्या बाळांना काही दिवस घरी ते संगीत ऐकवलं की ती परत येते. मोठ्यांच्या बाबतीत तेवढ्या ऐकण्याने तसं घडलं नाही. मोठ्यांचा कान बंद होतो असा याचा अर्थ नाही. पण नुसतं कानावर पडू देणं त्याला पुरत नाही, हे यातून दिसतं.

दुसरा अभ्यास बोलिव्हियातल्या चिमाने लोकांचा, २०१६ सालचा. ॲमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या या लोकांपर्यंत पाश्चात्त्य संगीत फारसं पोचलेलं नव्हतं. पाश्चात्त्य कानाला गोड वाटणारे आणि खटकणारे असे दोन्ही प्रकारचे स्वरमेळ त्यांना ऐकवले, तर त्यांनी दोन्ही सारखेच बरे ठरवले. 'हे ऐकायला कुणालाही कर्कशच वाटेल' असं आपण ठामपणे म्हणतो, तेव्हा त्यातलं बरंचसं आपल्या सवयीचं बोलणं असतं.

ओळखीने आवड वाढते हे खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आपल्याला अधिक बरी वाटू लागते. म्हणून अनोळखी संगीताबद्दल सगळे एकच सल्ला देतात: ऐकत राहा. माझ्या मते हा सल्ला अर्धाच आहे. चुकीच्या जागी कान लावून शंभरदा ऐकलं तरी फारसं हाती लागत नाही. मोठ्या माणसाचा रस्ता वेगळा असतो. आधी एवढंच विचारायचं: ज्यांचं हे संगीत आहे, त्यांचा कान कशाची वाट बघत असतो?

हा प्रश्न उलट्या बाजूने घालून बघा. योग्यकर्त्याहून पाहुणा आलाय आणि तुम्ही त्याला केसरबाई ऐकवताय. तुम्ही त्याला जयपूर-अत्रौली घराण्याचा इतिहास सांगणार नाही, थाटांची यादी देणार नाही. तुम्ही म्हणाल, मागे तंबोरा वाजतोय तो ऐका, तो षड्ज धरून ठेवा. बाई त्याच्यापासून लांब जातात आणि परत येतात, ते येणं ऐका. एवढं कळलं तरी त्याला धागा मिळाला. बाकीचं मागाहून येईल. गामेलानसाठी आपल्याला तसाच एक धागा हवा. तो म्हणजे मोठा गाँग, काशाची टांगलेली भलीमोठी थाळी.

गामेलान हे एक वाद्य नाही, तो वाद्यांचा अख्खा संच आहे. बहुतेक वाद्यं काशाची: पट्ट्यांची, आडव्या मांडलेल्या वाटोळ्या भांड्यांची आणि टांगलेल्या गाँगची. जोडीला ढोल, दोन तारांचं रबाब, बासरी, लाकडी पट्ट्यांचं गंबांग, आणि गाणारे स्त्रीपुरुष. सगळ्यात मोठ्या गाँगचा व्यास जवळपास एक मीटरपर्यंत असू शकतो. संचातलं सर्वांत मानाचं वाद्य तेच. त्याला फुलं, धूप वाहतात. वाद्य ओलांडून जाणं तिथे अशिष्ट समजतात, हे तंबोऱ्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.

हा मोठा गाँग फार क्वचित वाजतो. सुरांचं एक आवर्तन संपलं की एकदा. 'पुष्पवर्ण' ज्या प्रकारात बांधलेली आहे त्याला कतावांग म्हणतात, आणि त्याचं आवर्तन सोळा मात्रांचं. आपला तीनतालही सोळाचाच. पण मोजायला लागलं की पाय घसरतो, कारण वजन दुसऱ्या टोकाला आहे. आपल्याकडे सम ही पहिली मात्रा. गाणं तिथे येऊन टेकतं आणि तिथूनच पुढे निघतं. जावात गाँग सोळाव्या मात्रेवर पडतो. मधल्या टप्प्यावर, आठव्या मात्रेला, केनोंग नावाचं मोठं वाटोळं भांडं वाजतं, बाराव्याला एक लहान टांगता गाँग. चारचा प्रत्येक गट एक-दोन-तीन-चार असा मोजायचा आणि भार चारवर टाकायचा. सगळं पुढच्या ठोक्याकडे झुकलेलं असतं, आणि सोळावर तो खोल, लाटा सोडणारा आवाज येतो.

पहिल्यांदा ऐकताना एवढंच करा. सूर, शब्द, कोण काय वाजवतंय, सगळं सोडून द्या. गाँग कधी येतो त्याची वाट बघा. तीन-चार आवर्तनांनंतर तो यायच्या आधीच तुम्हाला कळायला लागेल. हेच ते ताडणं. मघा जे बिनआकाराचं वाटत होतं त्याला आता सुरुवात नि शेवट मिळाला.

एक सूचना इथेच देतो, कारण तिच्यावाचून वरचं सगळं फुकट जाईल. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर गामेलान ऐकू नका. मोठ्या गाँगचा मूळ सूर इतका खालचा असतो की तो त्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. ऐकू येतात फक्त वरच्या पट्ट्या, किणकिण करणाऱ्या. म्हणजे इमारतीचा पाया कापून माळा तेवढा बघण्यासारखं. साधे हेडफोन लावले तरी फरक पडतो.

आता दुसरी अडचण. ती मराठी कानाला सगळ्यात जास्त जाणवते असं मला वाटतं. आपण गायक शोधतो. ख्याल असो, नाट्यपद असो, भावगीत असो, अभंग असो, मध्ये एक आवाज असतो आणि बाकीचे त्याची साथ करतात. गामेलानमध्ये गाणारी बाई असते, तिचा आवाज आपल्याला स्पष्ट ऐकूही येतो, म्हणून आपण तिला धरतो. ती मात्र मात्रेच्या मागेपुढे तरंगत राहते, मध्येच गप्प होते, आणि आपण पुन्हा उघड्यावर पडतो. तिथे ती मुख्य गायिका नाही. अनेक धाग्यांपैकी ती एक धागा आहे. तिच्याइतकंच रबाब महत्त्वाचं, तितकंच गेंदेर हे मऊ आवाजाचं पट्टीवाद्य.

मधोमध असतो तो एक सुरांचा सांगाडा, बालुंगान. सारोन नावाची काशाच्या पट्ट्यांची वाद्यं तो सरळ, एकेक मात्रेला एकेक सूर असा वाजवतात. बाकीचे त्याच सांगाड्यावर आपापल्या वेगाने नक्षी करतात. वाद्य जितकं लहान आणि उंच आवाजाचं, तितकं ते साधारणपणे दाट वाजतं. जितकं मोठं, तितकं विरळ. म्हणून एकाच क्षणी तुमच्या कानावर चार-पाच वेगवेगळे वेग पडत असतात, आणि ते सगळे गाँगवर एकत्र येतात. दुगुन, चौगुन ऐकलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. फरक इतकाच की आपल्याकडे एकच पखवाजी ठायीतून चौगुनीत जातो, तिथे ठाय आणि चौगुन वेगवेगळी माणसं एकाच वेळी वाजवत बसलेली असतात.

लयीची खरी गंमत यापुढे आहे. ढोलवाला खूण करतो आणि सगळा संच हळूहळू संथ होत जातो. सांगाड्याच्या दोन सुरांमधलं अंतर वाढतं. नवखा ऐकणारा म्हणतो, मंदावलं, आता कंटाळवाणं होणार. पण त्या वाढलेल्या अंतरात वरची वाद्यं दुप्पट सूर भरतात. आणखी संथ झालं की चौपट, मग आठपट. खाली लय पसरत जाते आणि वर नक्षी दाट होत जाते. जावात या पातळ्यांना इरामा म्हणतात. विलंबित ख्यालात एक मात्रा किती रुंद होऊ शकते हे आपल्याला माहीत आहे. त्या रुंदीत काय काय मावतं तेच इथे ऐकायचं. ही पातळी बदलण्याची जागा मला सगळ्या गामेलानमधली सर्वांत सुंदर जागा वाटते. ती पहिल्यांदा कळली की माणूस ते संगीत सोडत नाही.

राहिले सूर. 'बेसूर वाटतं' ही सगळ्यात प्रामाणिक तक्रार, आणि तिची कारणं खरी आहेत.

गामेलानच्या दोन स्वरव्यवस्था आहेत. पेलोगमध्ये असमान अंतरांचे सात सूर, त्यातले बहुधा पाच एका वेळी वापरतात. स्लेंद्रोमध्ये पाचच सूर, आणि ते सप्तकात जवळपास समान अंतरावर बसवलेले. 'पुष्पवर्ण' स्लेंद्रोतली आहे. पाच सूर म्हटल्यावर आपला कान लगेच भूप शोधतो, मधमाद सारंग शोधतो, पण एकही सूर नेमक्या जागी सापडत नाही. मूर्च्छना माहीत असेल तर हे नीट कळेल. भूपाचा षड्ज एकेक सूर पुढे सरकवला की मधमाद सारंग, मालकंस, दुर्गा, धानी असे राग दिसू लागतात, कारण भूपातली अंतरं लहानमोठी आहेत. स्लेंद्रोत अंतरं जवळपास सारखी, म्हणून षड्ज कुठेही धरा, चित्र फारसं बदलत नाही. आपला कान अंतरांच्या लहानमोठेपणावरून दिशा ओळखतो आणि इथे ती खूणच पुसट आहे. म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण धातूत आहे. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूर निघतात. तंबोरा चांगला जुळला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो तो यामुळेच. काशाच्या पट्टीचे किंवा गाँगचे वरचे सूर अशा सरळ पटीत येत नाहीत. त्यांची अंतरं वेगळी, तिरपी असतात. तारेच्या आणि गळ्याच्या आवाजावर वाढलेल्या कानाला तो रंगच परका लागतो. वाद्यांचा नाद आणि त्यांची स्वरव्यवस्था यांचं नातं असतं, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि गामेलान ऐकताना ते पटतं. काशाच्या त्या आवाजाला आपला शुद्ध गंधार लावला तर तोच उलट उपरा वाटेल.

शिवाय प्रत्येक संचाची जुळवणी स्वतंत्र असते. एका गामेलानची पट्टी दुसऱ्यात चालत नाही. प्रत्येक संचाला त्याचं स्वतःचं नाव असतं ते उगाच नव्हे. म्हणून शक्य असेल तर सुरुवातीला एकाच संचाची मुद्रणं ऐका. कान त्या सुरांना सरावतो आणि मग बेसूरपणाची टोचणी बरीच कमी होते.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचे वादक आले होते. क्लोद दब्यूसी या तरुण संगीतकाराने ते ऐकलं आणि त्याची छाप त्याच्यावर राहिली. तो काही जावाचा पंडित झाला नाही. आपल्या कानाबाहेर एवढी सुघड रचना असू शकते, हे त्याला समोर दिसलं. गामेलान २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. पण यादीत आहे म्हणून ऐकावं असं कुणालाही मी म्हणणार नाही. रात्रभर चालणाऱ्या चामडी बाहुल्यांच्या खेळात, जिथे रामायण-महाभारत सांगितलं जातं, तिथे हे संगीत आजही कामाला येतं. त्या खेळाचं एखादं दीर्घ चित्रण बघितलंत तर वाद्यं कोण कशी वाजवतंय हेही दिसतं. एका हाताने पट्टी वाजवायची आणि दुसऱ्या हाताने आधीची पट्टी दाबून तिचा नाद बंद करायचा, हे बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. वादनाचं निम्मं कसब त्या दाबण्यात असतं.

हीच पद्धत त्याच तबकडीवरच्या इतर रचनांना लावता येते, फक्त प्रत्येकीचा धागा निराळा. बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्काचं गाणं आपल्याला सगळ्यात सोपं जाईल. मागे मशकवाद्यांचा अखंड धरलेला सूर, त्यावर ताल नसलेला, उंच, मोकळा आवाज. आलाप ऐकणाऱ्याला तिथे परकं वाटायचं कारण नाही. बाल्कन नाचांच्या सात मात्रांनीही मराठी माणसाने बिचकू नये, रूपक आपल्या हाडात आहे. रूपक तीन-दोन-दोन, तिथला राचेनित्सा नाच दोन-दोन-तीन आणि खूपच वेगात.

जॉर्जियाचं 'चाक्रुलो' त्या मानाने अवघड. पुरुषांचा जमाव खाली एक सूर धरतो, वर दोघे वळणं घेत गातात. खालचा सूर ऐकून आपल्याला हायसं वाटतं, आणि तेवढ्यात तो सूरच सरकतो. तंबोरा मध्येच पट्टी बदलतोय असं वाटून पोटात गोळा येतो. तिथे धरायचं ते हेच सरकणं: खाली आधार हलला की वरच्या दोघांमधला ताण बदलतो, आणि ते सगळे एका सुरावर येऊन मिळतात तेव्हा तो सुटतो.

एका दिवसात सगळ्या २७ रचना फिरून येऊ नका. एवढ्या गोष्टी एकामागून एक लावल्या की सगळ्याची सारखीच भेळ होते. एक रचना घ्या, आठवडाभर तीच ऐका, रोज एकदा, पूर्ण. गाण्यांच्या ॲपवर विसंबू नका. ते तुम्ही काल ऐकलेल्यासारखंच आज पुढे करतं. आणि 'शांत झोपेसाठी गामेलान' असल्या याद्यांमध्ये कुठल्या राजवाड्याचं, कुठल्या गावचं, कोण वाजवतंय याचा पत्ता नसतो. गावाच्या नावाने शोधा: योग्यकर्ता, सुरकर्ता. जावाचं संथपण मानवलंच नाही तर बालीचं ऐका. तिथलं गोंग क्बियार हे विसाव्या शतकात उदयाला आलेलं, झपाट्याचं, अचानक थांबून उसळणारं वादन आहे. त्यात दोन वादक एकच धून वाटून घेतात, एकाचे सूर दुसऱ्याच्या फटींत बसतात. शिवाय वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकांपासून किंचित वेगळ्या जुळवलेल्या असतात, त्यामुळे सगळा नाद थरथरत राहतो. आपण दोन तंबोरे जुळवताना जी थरथर घालवण्यासाठी खुंट्या पिळतो, ती तिथे जपून ठेवलेली असते.

या सगळ्यानंतरही एखादं संगीत आवडलं नाही, तर ते खुशाल सोडावं. पण गाँगची वाट बघून, इरामा बदलताना ऐकून मग नाही आवडलं, तर नेमकं काय आवडलं नाही हे तुम्हाला सांगता येईल. कुणाला ते फार दाट वाटेल, कुणाला त्यात एकट्या गळ्याची आर्तता सापडणार नाही. अशांनी तबकडीवरचं चीनचं गुचिन लावावं. सात तारांचं हळू आवाजाचं वाद्य, ग्वान पिंगहू हे एकटेच वाजवतात, आणि ती तबकडीवरची सर्वांत लांब रचना आहे, साडेसात मिनिटांहून थोडी जास्त. तारेवरून बोट घासल्याचा आवाज त्यात येतो, तो दोष समजू नका. सूर विझत आल्यावरही बोट तारेवर सरकत राहतं, आणि मिंडीवर वाढलेल्या कानाला तिथे ऐकण्यासारखं खूप आहे.